सर्व्हर चालू होतो, पण स्क्रिप्ट तिथंच अडकते: उत्तर

तुम्ही विचारलंय की पोस्टग्रेस (हा डेटाबेस सर्व्हर) पार्श्वभूमीत सुरू करणारी स्क्रिप्ट पुढं का सरकत नाही. सर्व्हर बिचारा ठीक आहे, भानगड आउटपुटची आहे.

पीजी-सीटीएलला (पोस्टग्रेस चालू-बंद करणारी कमांड) स्टार्ट सांगताना -एल देऊन लॉग फाईल (सर्व्हरचे संदेश साठवणारी फाईल) दिली नाही, तर सर्व्हरचं आउटपुट आणि एरर दोन्ही पीजी-सीटीएलच्याच आउटपुटमध्ये जातात. ते आउटपुट पाईपला (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याकडं नेणारी वाट) जोडलेलं असेल, तर पीजी-सीटीएल संपल्यावरही पाईपचं टोक सर्व्हर धरून बसतो. पाईप वाचणारी स्क्रिप्ट मग तो बंद व्हायची वाट बघतच राहते. निपाणीच्या एका वखारीत रोज लाईट गेल्यावर सर्व्हर आपोआप उठावा म्हणून मी अशीच स्क्रिप्ट लिहिली होती. सकाळी मालकांचा फोन, "अहो, बिलं निघेनात!" डेटाबेस चालू होता, पण बिलिंगची ओळ त्या कमांडच्या खाली होती.

तेव्हा -एल द्याच. पीजी-सीटीएल न वापरता पोस्टग्रेस थेट चालवून आउटपुट हातानं फाईलमध्ये वळवत असाल तर आधी > आणि फाईल, मग 2>&1. म्हणजे एररही त्याच फाईलमध्ये जातात. उलट लिहिलंत तर एरर टर्मिनलवरच सांडतात, आणि पोस्टग्रेसचे लॉग मुळात एररच्याच वाटेनं येतात.

ती फाईल मात्र फुगत जाते. त्यासाठी पोस्टग्रेसचा लॉगिंग कलेक्टर (लॉग गोळा करून फाईलमध्ये लिहिणारा भाग) चालू करा (रीस्टार्ट लागतो), तो 24 तासांनी किंवा 10 एमबीला नवी फाईल उघडतो. तरी -एल काढू नका. कलेक्टर उठण्याआधीच सर्व्हर कोसळला, तर कारण त्याच फाईलमध्ये सापडतं.