जुने पिक्चर खरंच आवडतात का? मी तर ते आधी ऐकते, मग बघते

तू विचारलंयस की जुने ब्लॅक अँड व्हाईट मराठी पिक्चर लोकांना खरंच आवडतात की चारचौघात भारी दिसायला नुसती नावं सांगतात, कारण तुला पंधरा मिनिटांत झोप येते, आणि आवडत असतील तर आमचे आवडते कोणते, सुरुवात कुठून करू. सांगलीत इंजिनिअरिंगला आहेस असं लिहिलंयस म्हणजे माझ्या पोराच्याच वयाचा, म्हणून अरेतुरे करते, राग मानू नको.

पहिलं सांगून टाकते, नुसती नावं सांगणारे पुष्कळ आहेत. आणि मला पण सगळे जुने पिक्चर आवडत नाहीत, काही तर लई कंटाळवाणे आहेत, जुना झाला म्हणजे चांगला झाला असं थोडंच आहे. पण जे आवडतात ते मी कितीतरी वेळा लावलेत, लावलेत म्हणते, बघितलेत नाही. कारण माझं गावभागात ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, मोबाईल समोर कपाटाला टेकवून ठेवते आणि नजर असते कापडावर, मग पिक्चर आधी कानात जातो आणि आवडला तर रात्री घरी निवांत डोळ्यांनी बघते. ह्या सवयीमुळं मला एक कळलं, जुना चांगला पिक्चर नुसता ऐकून पण कळतो. आत्ताचा लावून बघ, नुसतं धाडधूड आणि मधेच कोणतरी कुजबुजतं, काय चाललंय पत्ता नाही. त्या वेळची बरीच मंडळी नाटकातून आलेली, शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द पोचलाच पाहिजे ही सवय अंगात मुरलेली. आणि सांगलीच्या माणसाला हे काय नवीन सांगायचं, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीता स्वयंवर केलं ते इथंच, राजेसाहेबांच्या आश्रयानं.

तर माझा एक नंबर म्हणजे ‘कुंकू’. १९३७ चा, प्रभातचा, व्ही. शांतारामांचा. नीरा म्हणून पोरगी असते, घरचेच तिला फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून देतात, आणि ती रडत कोपऱ्यात बसत नाही, ठणकावून सांगते की हे लग्न मी मानत नाही. नीरा म्हणजे शांता आपटे आणि काकासाहेब वकील म्हणजे केशवराव दाते. मी पहिल्यांदा लावला तेव्हा हूक लावायचं काम चाललेलं, म्हणजे मशीन बंद, दुकान एकदम शांत, आणि मला कायतरी वेगळंच वाटायला लागलं पण काय ते कळेना. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की ह्याच्यात मागं म्युझिकच नाही. दुःख आलं की व्हायोलिन, राग आला की ढोल, तसलं काहीच नाही. गाणं असलं तर ग्रामोफोन लागलाय म्हणून किंवा कोणतरी तिथं बसून म्हणतंय म्हणून, बाकी सगळे आपले घरातले आणि रस्त्यावरचे आवाज, आणि भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक. शांतारामबापूंनी मुद्दामच तसं केलंय. नवरा बायको एकमेकांशी बोलत नाहीत तेव्हा घरात दुसरं ऐकू काय येणार, घड्याळच. एक गिऱ्हाईक माप द्यायला आली ती म्हणे काकी घड्याळ नवीन आणलं का, लई वाजतंय. मी मोबाईलकडं बोट केलं तर ती पण बसली बघत, माप राहिलं बाजूला.

दुसऱ्यांदा डोळ्यांनी बघितला तेव्हा दात्यांचं काम कळलं. पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याचा नुसता संताप येतो, पण आवाज नीट ऐक, सुरुवातीला कोर्टात बोलल्यासारखा ताठा असतो आणि तो जागोजागी उसवत जातो, शेवटी शेवटी तर तो माणूस बायकोपुढं बोलायलाच कचरतो. तो व्हिलन नाहीये रे, लाज वाटायला लागलेला माणूस आहे. आणि त्याची विधवा लेक आहे ना, समाजकार्य करणारी, ते काम शकुंतला परांजप्यांनी केलंय, त्या खऱ्या आयुष्यात पण संततिनियमनाचा प्रचार करायच्या, त्या काळात, विचार कर.

ह्याची मूळ कादंबरी ‘न पटणारी गोष्ट’ ना. ह. आपट्यांची, त्यांचा जन्म आपल्या समडोळीचा आणि आयुष्य काढलं साताऱ्याकडं कोरेगावात. आणि म्हाताऱ्याशी पोरीचं लग्न ह्याच विषयावर ‘शारदा’ नाटक लिहिणारे देवल कुठले, तर हरिपूरचे, तू पेरूला नाहीतर संगमावर जात असशील ते हरिपूर. शारदेला बाहेरून कोणतरी येऊन सोडवतं, नीरा स्वतःच भांडते, १८९९ आणि १९३७ मधे एवढा फरक पडला म्हणायचा.

बरं मग ‘संत तुकाराम’, १९३६, दामले आणि फत्तेलाल. व्हेनिसच्या फेस्टिव्हलमधे गाजला वगैरे सगळीकडं वाचशील, ते जाऊदे. तू जिजाई बघ. तुकोबा झालेत विष्णुपंत पागनीस, फार गोड माणूस, पण माझं सगळं लक्ष जिजाईकडं, ते काम गौरी नावाच्या बाईंनी केलंय. पोरगं आजारी, घरात दाणा नाही, नवरा अभंग म्हणत बसलाय, आणि ही बाई वहाण हातात घेऊन तरातरा देवळात जाते विठोबाला जाब विचारायला! ते बोलणं ऐकलं की वाटतं आपल्याच गल्लीत नळावर कोणतरी भांडतंय, नटी बोलतेय असं वाटतच नाही. पुढं शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तेव्हा ती आणि पोरं ते भारी कपडे अंगावर घालून बघतात, जिजाईचा चेहरा असा खुलतो की बस, आणि नवरा येऊन म्हणतो हे परत करायचं. मी कापडातली बाई आहे, मला त्या वेळी तुकोबांचा थोडा राग येतोच, महाराजांनी दिलंय ना प्रेमानं, एक लुगडं ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं. ‘आधी बीज एकले’ ऐकलंच असशील, ऐकणाऱ्याला तुकोबांचाच अभंग वाटतो, पण तो पिक्चरसाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलाय.

हिंदीतला एकच सांगते कारण तो निम्मा आपलाच आहे. ‘दो आँखें बारह हाथ’, १९५७. सहा खुनी कैदी आणि त्यांना भिंतींशिवाय ठेवणारा जेलर. ही कल्पना हवेतनं नाही आली, औंध संस्थानात पंतप्रतिनिधींच्या काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून कैद्यांची खुली वसाहत झाली, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या माणसाच्या डोक्यातनं आलेली, कैदी शेती करायचे आणि पहारा नावालाच. आणि पिक्चरची कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, जन्म शेटफळ्याचा, म्हणजे आटपाडी तालुकाच. घरच्या बांधावरची गोष्ट हो ती, आणि ती गेली थेट बर्लिनला बक्षीस घ्यायला. कैदी पिकवलेली भाजी बाजारात स्वस्त विकायला लागतात आणि मग व्यापारी त्यांच्या अंगावर येतात तो भाग मला सगळ्यात खरा वाटतो, मार्केट यार्डाच्या गावात राहिल्यावर वाटणारच. शेवटी बैलाशी झुंज आहे त्याच्या शूटिंगमधे शांतारामांच्या डोळ्याला चांगलीच इजा झाली होती. खेळणी विकणारी संध्या मात्र मला जरा जास्त होते, बाकी पिक्चर घट्ट आहे.

संध्याचा विषय निघालाच आहे तर ‘पिंजरा’बद्दल पण बोलते, शिव्या खाईन, खाऊदे. गाणी राम कदमांची, त्याला तोड नाही, श्रीराम लागू तर जन्मानं साताऱ्याचे, त्यांचं मास्तरचं काम बघताना अंगावर येतं. पण पिक्चर म्हणून मला तो फार ठासून सांगितल्यासारखा वाटतो, प्रत्येक गोष्ट दोनदा. लागू बघायचे तर ‘सामना’ बघ, जब्बार पटेलांचा, लिहिलाय तेंडुलकरांनी. त्यात निळू फुले साखर कारखानदार हिंदुराव. आवाज ऐक त्या माणसाचा, ओरडत नाही, तोंडातल्या तोंडात हसून बोलतो आणि समोरचा गार. आमच्या साखरपट्ट्यात राहणाऱ्याला तो पिक्चर समजावून सांगावा लागत नाही, माझे मालक (म्हणजे नवरा, दुकानाची मालक मीच) बघता बघता सारखं म्हणत होते हा आपल्याकडचा अमका आहे, हा तमका आहे. नावं लिहीत नाही.

‘सांगत्ये ऐका’ माझ्या आईचा. आई खटावकडची, पुसेगावच्या जत्रेत टुरिंग टॉकीजचे तंबू लागायचे तिथं खाली मातीत बसून बघितलेला. ती म्हणते जयश्री गडकर नाचायला उभी राहिली आणि बुगडी साताऱ्याला जाता जाता सांडली हे गाण्यात आलं तसा अख्खा तंबू उठला, साताऱ्याचं नाव घेतलं म्हणून, गाणारी आशाताई म्हणजे जन्मानं सांगलीची हे तेव्हा कुणाच्या गावी पण नव्हतं. पुण्यात विजयानंदला तो १३१ आठवडे चालला. आज बघताना मधे थोडा लांबतो, खरं सांगायचं तर, पण हंसा वाडकर आल्या की मी मशीन थांबवते.

‘साधी माणसं’ गाण्यांसाठी बघ, संगीतकाराचं नाव आनंदघन म्हणून आहे, त्या म्हणजे लतादीदी. ‘जगाच्या पाठीवर’मधे राजा परांजपे जेलमधे मागावर बसून ‘एक धागा सुखाचा’ म्हणतात, ते मी दुकानात लावत नाही, शिवताना ते गाणं लागलं की टीप वाकडी जाते. ‘श्यामची आई’ला १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, तो महानच आहे, मी एकदा बघितला, पुन्हा माझ्याच्यानं होणार नाही.

आता तू कुठून सुरू करायचं. तुला झोप येते कारण कोणतरी तुला पहिलाच गंभीर पिक्चर दिला असणार. ‘लाखाची गोष्ट’ लाव, १९५२, एकटा नको, हॉस्टेलवर चौघं पाचजण जमून. दोन कडके मित्र, एक राजा गोसावी आणि एक राजा परांजपे, पोरीचा बाप म्हणतो लाख रुपये महिन्याभरात उडवून दाखव, आणि ते काय उडत नाहीत! राजा गोसावी मूळचे खटावकडचे, पुण्यात भानुविलास थेटरात बुकिंगला होते आणि ह्याच पिक्चरची तिकिटं त्यांनी स्वतः खिडकीत बसून विकली असं सांगतात. पिक्चर संपल्यावर तुम्ही आपापसात लाख कसे उडवाल ह्यावर भांडणं होतील, तेव्हाच्या लाखाचे आत्ताचे किती ह्यावर पण होतील.

एक टेक्निकल सांगते, यूट्यूबवर एकाच पिक्चरच्या दोन तीन प्रिंट असतात, चित्र खराब असलं तर चालेल पण आवाज फुटका असला तर ती बंद कर आणि दुसरी शोध, निम्मी झोप त्या फुटक्या आवाजानं येते. आणि हेडफोन लाव.

मग ‘सामना’, मग ‘तुकाराम’, आणि ‘कुंकू’ ह्या सगळ्यांच्या नंतर. त्याचा शेवट मी मुद्दामच सांगितला नाही. काकासाहेबांनी शेवटी जे केलं ते बरोबर का चूक ह्यावर माझ्या दुकानात बायकांच्या दोन पार्ट्या आहेत, माझी पार्टी सध्या हरतेय, तू बघून झालं की कुठल्या पार्टीत येतोस ते लिही.