डॅम्पर घट्ट केल्यावर जमिनीची थरथर का वाढली?

१४५० आरपीएमची मोटर, स्प्रिंगांवरची नैसर्गिक वारंवारता (धक्का दिल्यावर मोटर आपणहून सेकंदाला जितक्या वेळा डोलते ती) ८ हर्ट्झ. डॅम्परमध्ये, म्हणजे तेलाच्या विरोधाने हालचाल रोखणाऱ्या भागात, जाड तेल भरल्यावर सुरू-बंद होतानाचं हेलकावणं थांबलं, पण चालू मोटरखालची जमीन आधीपेक्षा जास्त थरथरते. मापनात चूक झाली का, असं तुम्ही विचारलंय. चूक नाही. असंच व्हायला हवं.

मोटर किती हलते आणि जमिनीला किती बल पोचतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बल जमिनीत उतरतं ते स्प्रिंगमधून आणि डॅम्परमधून, अशा दोन वाटांनी. स्प्रिंगचं बल विस्थापनावर ठरतं, डॅम्परचं वेगावर. नैसर्गिक वारंवारतेच्या बरंच वर गेलं की मोटरचं हलणं मुख्यतः तिचं वस्तुमानच रोखून धरतं; तिथे डॅम्परला रोखण्यासारखं फारसं उरत नाही. वेग मात्र भरपूर असतो, त्यामुळे घट्ट डॅम्पर बल सरळ खाली पोचवतो.

तुमचे आकडे घालून पाहू. १४५० आरपीएम म्हणजे साधारण २४ हर्ट्झ, नैसर्गिक वारंवारतेच्या तिप्पट. अवमंदन गुणोत्तर (डॅम्पर किती घट्ट आहे याचं माप) ०.०५ असेल तर मोटरमधल्या बलाचा सुमारे १३ टक्के भाग जमिनीला मिळतो. ०.५ केलं तर ३७ टक्के. क्रांतिक अवमंदनाला, म्हणजे १ ला (इथे धक्क्यानंतर मोटर डोलतच नाही), तब्बल ६१ टक्के! आणि ०.०५ वरून ०.५ वर जाऊन मोटरचं स्वतःचं हलणं किती घटलं? जेमतेम ६ टक्के.

अनुनादावर, म्हणजे मोटरची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेशी जुळते तिथे, चित्र उलटं असतं. तिथे ०.०५ ला बल दहापट होऊन पोचतं, ०.५ ला फक्त १.४ पट. सुरू-बंद होताना मोटर याच वारंवारतेतून जाते, म्हणून तुमचं हेलकावणं थांबलं. सीमारेषा आहे नैसर्गिक वारंवारतेच्या √२ पट. तिथे अवमंदन कितीही असो, जमिनीला जेवढ्यास तेवढं बल मिळतं. त्याखाली डॅम्पर मदत करतो, वर नडतो. (हे सगळं वेगाच्या प्रमाणात बल देणाऱ्या तेलाच्या डॅम्परचं. रबराचं अंतर्गत घर्षण वारंवारतेबरोबर तसं वाढत नाही, त्यामुळे रबरी पॅडला हेच आकडे लावू नका.)

माझं मत विचाराल तर जाड तेल काढा आणि गुणोत्तर ०.१ च्या आसपास आणा. मोटर अनुनादातून झटकन पार होत असेल तर तेवढं पुरतं. तरी हेलकावली, तर थोडी फट सोडून रबरी स्टॉपर बसवा, म्हणजे चालू असताना तो टेकणारच नाही. त्याहून चांगला उपाय म्हणजे मोटरखाली जड काँक्रीटचा ठोकळा: हलणंही कमी होतं आणि नैसर्गिक वारंवारताही उतरते. फक्त स्प्रिंगांना ते वजन पेलतंय ना, ते आधी तपासा.

गुणोत्तर मोजायला मोटर बंद ठेवून एक धक्का द्या आणि लागोपाठची शिखरं नोंदवा. ०.०५ ला प्रत्येक शिखर आधीच्याच्या ७३ टक्के येतं, ०.१ ला ५३ टक्के.