मुलांसाठी घरातल्या गमतींवर कविता करायच्या आहेत. वृत्त शिकायलाच हवं का?

हो, हवं. प्रश्नाखाली तुम्ही "भाव महत्त्वाचा ना?" असंही लिहिलंय. हेच वाक्य आयुष्यभर काकांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

काका मराठीचे मास्तर, मुक्तछंदवाले, म्हणजे वृत्ताचं बंधन न मानणारे. आत्या फारशी शिकलेली नाही, पण बारसं, मुंज, डोहाळजेवण, काहीही असो, तिचं काव्य तयार. काका त्याला 'यमकांची भाजी' म्हणायचे. ताईच्या लग्नात दोघांनीही मंगलाष्टक रचलं. आत्याचं नेहमीच्या शार्दूलविक्रीडितात: ओळीला 19 अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. वृत्ताचं नाव तिला आजही सांगता येणार नाही, चाल मात्र कानात पक्की. आजोबांची तपकीर, व्याह्यांचा कुत्रा, सगळं तिनं त्यात बसवलं. हॉल खदखदत होता. मग काका माईकवर आले. मुक्तछंदात मंगलाष्टक! ओळ कुठे संपते ते कुणालाच कळेना. काका श्वास घ्यायला थांबले आणि भटजींनी "सावधान" म्हणून टाकलं. धडाधड अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, काकांच्या हातात अर्धा कागद शिल्लक. लोकांना कवितेची समज नव्हती, असं ते अजून म्हणतात.

पोरांचे कान तर भटजींपेक्षा कडक. मनाचे श्लोक ऐकलेल्या मुलाला भुजंगप्रयात समजावावा लागत नाही, ते त्याच वृत्तात आहेत. लघु-गुरु-गुरु (आखूड-लांब-लांब अक्षर) असं चार वेळा, 12 अक्षरं. आत्यानं माझ्यावर केलेलं बघा:

पहाटे उठोनी चहा मागतो हा
दुधाला कुणी जायचे? झोपतो हा

एकदा ऐकून चुलत भावंडांना पाठ झालं, आणि अजून त्यावरून चिडवतात. "हल्ली 'उठोनी' कोण म्हणतं?" हा काकांचा आक्षेप. अहो, पोरं त्या 'उठोनी'लाच हसतात!

तेव्हा भुजंगप्रयातापासून सुरुवात करा. जड गेला तर आठ-आठ मात्रांची ओळ घ्या. लघूची एक, गुरूच्या दोन. नातेवाइकांची नावं घालणार असाल तर सगळ्यांची घाला. एखादी मावशी राहिली की पुढच्या लग्नापर्यंत ऐकावं लागतं.

मुक्तछंदात मुलांसाठी छान लिहिणारे आहेत, नाही असं नाही. पण काकांनी आधी भुजंगप्रयातात चार ओळी करून दाखवाव्यात, मग मी त्यांचा संग्रह वाचायला घेतो.