गल्लीतली जिम की ब्रँडेड जिम? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घराजवळच्या गल्लीत एक जुनी जिम आहे, वर्षाचे आठ हजार. वर्धा रोडवर एका मोठ्या साखळीची एसी जिम आहे, वर्षाचे बावीस हजार. वय २९, आजवर कधी वजन उचललेलं नाही. ऑफिस साडेसहाला सुटतं. कुठली लावू?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: आधी दोन्हीकडे एकेक चक्कर मारून या. ती सोमवारी किंवा मंगळवारी, संध्याकाळी सात ते साडेआठच्या मध्ये मारा, कारण तुम्ही रोज जाणार आहात ती हीच वेळ. दाखवायला बोलावतात दुपारी, आणि दुपारी कुठलीही जिम प्रशस्तच वाटते.

गेल्यावर ट्रेडमिल मोजत बसू नका, स्क्वॉट रॅक मोजा, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठका मारायचे लोखंडी सांगाडे. एक माणूस स्क्वॉटचे चार सेट मारतो, मध्ये दोन-तीन मिनिटं थांबतो. म्हणजे रॅक पंधरा मिनिटं त्याच्याकडे. रॅक एक आणि रांगेत चौघे असतील तर तुमचा नंबर तासाभराने. मोठ्या जिममध्ये वीस ट्रेडमिल असतात आणि रॅक कधी कधी एकच. बाकी स्मिथ मशीन. स्मिथचा बार रुळांवर चालतो, त्यामुळे तोल सांभाळायचं काम शरीराला शिकायलाच मिळत नाही. काही मशीनमध्ये बारचं वजन मागून तोललेलं असतं, म्हणून तिथले किलो मोकळ्या बारच्या किलोंशी जुळतही नाहीत. नवशिक्याने स्मिथवर सगळा व्यायाम बसवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गल्लीतल्या जिममध्ये चार गोष्टी हाताने तपासा. पहिली, बार. ऑलिम्पिक बार २० किलोचा असतो आणि त्याची प्लेट चढवायची टोकं ५० मिलिमीटर जाड असतात. जुन्या जिममध्ये बऱ्याचदा बारीक सळीचा बार असतो, सहा ते दहा किलोचा. त्यानेही काम होतं, पण त्याचं खरं वजन विचारून वहीत लिहा, नाहीतर पुढे जिम बदलली की आकडे चुकतात. दुसरी, लॅट पुलडाऊनची, म्हणजे बसून वरचा दांडा खाली ओढायच्या मशीनची केबल. तिचं प्लॅस्टिक आवरण टोकाशी, जिथे क्लॅम्प बसतो तिथे तडकलेलं असेल किंवा आतली तार फुललेली दिसत असेल, तर त्या मशीनवर बसू नका. केबल बहुतेक तिथेच तुटते आणि दांडा थेट डोक्यावर येतो. तिसरी, रॅकला बार सुटला तर झेलणारे आडवे सेफ्टी पाइप आहेत का आणि ते तुमच्या उंचीला लावता येतात का. ते नसतील तर एकट्याने स्क्वॉट किंवा बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून बार वर ढकलणं) मारायचा नाही. चौथी, सव्वा किलोच्या प्लेट. अडीच किलोच्या दोन प्लेट चढवल्या की एकदम पाच किलो वाढतात. खांद्याच्या आणि छातीच्या व्यायामात एवढी उडी जमत नाही आणि माणूस महिनोन्महिने त्याच वजनावर अडकतो. सव्वाची जोडी नसेल तर स्वतः विकत घ्या, खर्च फार नाही.

आता ट्रेनर. ब्रँडेड जिममध्ये फ्लोअर ट्रेनर पहिले काही दिवस मशीन दाखवतो. पुढे रोज लक्ष हवं असेल तर पर्सनल ट्रेनिंगचे पैसे वेगळे, आणि ते वर्षाच्या फीपेक्षा जास्त होऊ शकतात. गल्लीत मालक स्वतः फ्लोअरवर असेल तर त्याची नजर फीमध्येच मिळते. तो तासभर मोबाइल बघतो की कुणाची पाठ गोल झालेली दिसली की उठून टोकतो, हे त्या एका चक्करीतच कळेल.

रस्त्याचाही विचार करा. ऑफिस वर्धा रोडच्या बाजूला असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर मानेवाड्याहून रिंग रोडने रोज तिकडे जाऊन परत यायचं, आणि पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की ती वाट संपलीच. घरापासून दहा-पंधरा मिनिटांपलीकडची जिम पहिल्या उत्साहानंतर सुटते.

तेव्हा गल्लीत सेफ्टी पाइपचा रॅक आणि लक्ष देणारा माणूस असेल तर तीच लावा, पण फक्त तीन महिन्यांसाठी. महिन्याचा दर थोडा जास्त पडेल, पडू द्या. आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग (वाकून बार पोटाकडे ओढणं) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं) एवढ्यावर तीन महिने भरपूर होतात. रॅक नसेल, तर मात्र बावीस हजारवाली.

प्रश्न: मोठ्या जिमचं वर्षाचं पॅकेज नो-कॉस्ट ईएमआयवर घेतलं. चौथ्या महिन्यात पुण्याला बदली झाली. पावतीवर ‘पैसे परत मिळणार नाहीत’ छापलंय. हप्ते थांबवू का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर: हप्ते एकदम थांबवू नका. असा ईएमआय बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. जिमला पूर्ण रक्कम कधीच मिळालेली असते, आणि तुमचा करार असतो कंपनीशी. हप्ता चुकला की दंड लागतो आणि सिबिल बिघडतं.

आधी जिमला ईमेलने तीन गोष्टी विचारा: पुण्याच्या शाखेत मेंबरशिप हलवता येईल का, ती काही महिने गोठवता येईल का, दुसऱ्याच्या नावावर करता येईल का. साखळीचा खरा उपयोग इथेच होतो, पुण्यात शाखा असली की निम्मा प्रश्न सुटतो. फोनवर मिळालेलं आश्वासन धरू नका, उत्तर लेखी घ्या.

पावतीवर छापलेली ती ओळ म्हणजे कायद्याचा शेवटचा शब्द नव्हे. कबूल केलेली सेवाच मिळत नसेल, म्हणजे एसी बंद, मशीन बंद, शाखा हलवलेली, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पैसे परत मागता येतात. तुमच्या बाबतीत मात्र अडचण बदलीची आहे, जिमच्या सेवेत खोट नाही. त्यामुळे बाजू थोडी लंगडी आहे आणि तडजोडीचा मार्गच बरा. तडजोड झाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग: भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

नव्याने पॅकेज घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवर जीएसटी १८ ऐवजी ५ टक्के आहे. बिलावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक आहे का ते बघा. लहान जिमची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर तिला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्या जिमला जीएसटी लावता येत नाही.

प्रश्न: आमच्या जिममध्ये एसी नाही, दोन मोठे कूलर आहेत. मे महिन्यात तिथे व्यायाम करणं ठीक आहे का?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर: ठीक आहे, पण हवा खेळती हवी. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी असते, म्हणून कूलर उत्तम चालतो. मात्र कूलरच्या समोरच्या बाजूला उघडी खिडकी किंवा एक्झॉस्ट पाहिजे. शटर अर्धं ओढून कूलर लावला की आत वाफ साठते, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. जुलैत बाहेरचीच हवा दमट असते. तेव्हा कूलरची पाण्याची मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवलेला बरा.

याहून मोठा धोका शॉकचा. कूलरचा पत्रा, आत पाणी, पाण्यात मोटर, आणि समोर घामाने भिजलेली माणसं. जिमच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारं उपकरण) आहे का हे मालकाला विचारा आणि त्याच्यासमोर त्यावरचं टेस्ट बटण दाबायला लावा. वीज लगेच गेली पाहिजे. गेली नाही तर ते उपकरण निकामी आहे, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत कूलर बंद. अनवाणी व्यायाम नको, चालू कूलरला हात लावणं नको.

उन्हाळा लागताना पहिले दहा-बारा दिवस सेट कमी ठेवा, शरीर तेवढ्यात उकाड्याला सरावतं. व्यायामाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत साधारण सव्वा ते दीड लिटर पाणी प्या, सोबत लिंबू-मीठ-साखर. कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा चक्कर येऊन पडला तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न: आईचं वय ५४, शुगर आहे, गोळ्या चालू. डॉक्टरांनी वजनाचा व्यायाम सांगितलाय. तिला गल्लीतल्या जिमच्या लेडीज बॅचला पाठवू का?
– एक वाचक, जरीपटका

उत्तर: बॅच चांगली असेलही, पण आधी मशीन बघा. लहान जिममधल्या लेग प्रेसवर (पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर) प्लेट चढवायच्या असतात आणि त्याचा रिकामा सांगाडाच अनेकदा ३० किलोंहून जड असतो. आईंना सुरुवातीला तो झेपणार नाही. पिन लावायच्या मशीनवर पाच किलोंपासून सुरू करता येतं, आणि अशा मशीनचा पूर्ण संच बहुधा मोठ्या जिममध्ये असतो. त्यामुळे त्यांच्यासाठी आमचा कौल मोठ्या जिमला, तीही बाई ट्रेनर असलेल्या वेळेत.

आठवड्यातून दोन दिवस पुरे, मधे एक दिवस सुटी. लेग प्रेस, बसून रोइंग, चेस्ट प्रेस आणि खुर्चीवरून हात न टेकता उठबस, प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन सेट. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या. पडद्याचा आजार वाढलेला असेल तर जड वजन चालत नाही.

गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइडसारखं, शुगर खूप खाली नेऊ शकणारं औषध किंवा सोबत इन्सुलिन असेल तर जाण्याआधी ग्लुकोमीटरवर बघा. ९० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन थांबायचं, आकडा वर आल्यावरच सुरू करायचं. २५० च्या वर असून बरं वाटत नसेल तर त्या दिवशी घरीच. ग्लुकोजचं पाकीट बॅगेत राहू द्या, आणि ते कुठल्या कप्प्यात आहे हे ट्रेनरलाही सांगून ठेवा.