जैसलमेरच्या पलीकडे गाडी नेण्याआधी

प्रिय,

डिसेंबरात चौघांनी दोन गाड्या काढून थरच्या वाळवंटात उतरायचं आणि तीन रात्री तंबूत काढायच्या, हा तुझा बेत आवडला. महिनाही योग्य निवडलास आणि दोन गाड्यांचा हट्ट धरलास तेही बरं केलंस, कारण एकट्या गाडीने वाळूत शिरायचंच नसतं. पण सामानाच्या यादीत फ्रिज, छतावरचा तंबू आणि ड्रोन आहे, टायरची हवा मोजायचं गेज मात्र नाही. म्हणून सुरुवात हवेपासूनच.

डांबरी रस्त्यावर तुझ्या टायरांत ३२ ते ३५ पीएसआय हवा असते. तेवढ्या हवेवर मऊ वाळूत गेलं की चाक खाली कापत जातं. हवा १८ वर आणली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबीला वाढतो, गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि तीच गाडी त्याच वाळूवरून निघून जाते. खडीच्या, खडबडीत कच्च्या वाटेवर २५ पुरे. अगदीच रुतलं तर १२ ते १४ पर्यंत उतरवता येते, पण तेव्हा स्टिअरिंग जोरात वळवायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून निसटतो आणि तो जागेवर परत बसवणं वाळूत भलतंच कष्टाचं काम होऊन बसतं. हे सगळं वाळूत शिरण्याआधी करायचं. ‘आधी जाऊन तर बघू, अडकलो तर हवा काढू’ असं म्हणणाऱ्यांच्याच गाड्या अडकतात. चारही चाकांची हवा उतरवायला जेमतेम पंधरा मिनिटं लागतात.

बाहेर आल्यावर हवा परत भरल्याशिवाय डांबरी रस्त्यावर वेग घ्यायचा नाही. कमी हवेचा टायर ८० च्या वेगात बाजूने सतत दुमडतो, तापतो आणि फुटतो. म्हणून १२ व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर हवाच, तोही थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावलास तर फ्यूज जाईल. भरताना इंजिन चालू ठेव, आणि दोन टायर झाले की कॉम्प्रेसरला थोडी विश्रांती दे.

चालवण्याबद्दल. फोर बाय फोर लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी आणि जोर जास्त), दुसरा गिअर, आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरू न देणारी यंत्रणा, बंद. ते चालू राहिलं तर नेमका जोर हवा तिथेच इंजिनाची ताकद कापतं. वाळूत वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचं. थांबायचं असेल तर ब्रेक दाबू नकोस, पाय उचल आणि गाडीला आपोआप थांबू दे; ब्रेकने चाकापुढे वाळूचा ढीग साचतो आणि निघताना तोच ओलांडावा लागतो. थांबताना तोंड उताराकडे ठेव. टेकडी चढता चढता दम संपला तर वळवायला जाऊ नकोस, रिव्हर्स टाकून आलास त्याच चाकोरीतून सरळ खाली ये. उतारावर गाडी आडवी झाली की उलटते. घसरू लागलीच तर तोंड खाली वळवून किंचित अ‍ॅक्सिलरेटर दे.

जैसलमेरकडे मुख्य वारा उन्हाळ्यात नैऋत्येकडून येतो. त्यामुळे बहुतेक टेकड्यांची नैऋत्य बाजू लांब आणि घट्ट असते, पलीकडची बाजू एकदम तुटलेली आणि भुसभुशीत. माथ्यापलीकडे काय आहे हे गाडीतून दिसत नाही. प्रत्येक माथ्याआधी एकाने उतरून चालत वर जायचं आणि बघून यायचं. कंटाळा आला तरी. अवघड टप्पा सकाळीच उरक. रात्रीच्या गारव्याने वाळू जरा धरून असते, दुपारी तीच वाळू पायाखालून सरकते.

रुतल्यावर काय करायचं ते नीट वाच. चाक जागच्या जागी फिरलं की त्याच क्षणी पाय काढ. आणखी दोन-तीन सेकंद रेटलंस की गाडी पोटावर बसते आणि मग चाकांना पकडच उरत नाही. खाली उतर, वाकून बघ: डिफरन्शिअल (चाकांच्या दांड्यावरचा गिअरचा गोळा) आणि पुढचा क्रॉसमेंबर (चेसिसची आडवी पट्टी) वाळूत टेकलाय का? टेकला असेल तर आधी तिथली वाळू काढ, चाकाजवळची नंतर. मग गाडी ज्या दिशेला काढायची तिकडे चारही चाकांना उतरता चर खण, चाकाच्या रुंदीपेक्षा थोडा रुंद. हवा १४ वर आण. वाळूच्या फळ्या (रिकव्हरी ट्रॅक) चाकाच्या अगदी पोटात खुपस, नुसत्या समोर ठेवून भागत नाही. आलास त्याच दिशेला, म्हणजे बहुतेक वेळा मागे, हळूच काढ. फळीवर चाक फिरवलंस तर तिचे दात वितळतात. जॅक लावावा लागलाच तर खाली १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा फूट-सव्वा फुटाचा चौकोन हवा, एरवी गाडीऐवजी जॅकच खाली जातो.

दुसऱ्या गाडीने ओढायची असेल तर दोर फक्त चेसिसच्या हुकाला लावायचा. मागे ट्रेलर जोडायच्या टो बारच्या गोळ्याला कधीच नाही. तो गोळा तुटला तर काच फोडून आत येतो आणि त्याने माणसं दगावली आहेत. दोरावर जाड ओलं पोतं टाक, आणि बाकीच्यांना दोराच्या दीडपट लांबीवर, बाजूला उभं कर.

आता पाणी. माणशी रोज ६ लिटर धर, पिणं आणि स्वयंपाक मिळून. चौघं, तीन दिवस म्हणजे ७२ लिटर. एक दिवस राखीव, आणखी २४. म्हणजे २० लिटरचे पाच कॅन, तीन एका गाडीत आणि दोन दुसरीत, म्हणजे एक कॅन फुटला किंवा एक गाडी मागे राहिली तरी सगळं पाणी एका ठिकाणी अडकत नाही. हे शंभर किलो वजन छतावर चढवायचं नाही, मागच्या सीटपाशी तळाला ठेवायचं. जड छताची गाडी आडव्या उतारावर फार लवकर कलंडते, आणि त्याच कारणाने छतावरच्या तंबूला माझा विरोध आहे. जेवणाला भाजणी, पिठलं, मेतकूट-भात असं धर, म्हणजे भांडी कमी आणि धुवायला पाणीही कमी. ताटं आधी वाळूने घासून मग पुसायची.

वाटेत तुला टांके आणि बेऱ्या दिसतील. टांका म्हणजे पावसाचं पाणी साठवायची बंदिस्त टाकी, आणि बेरी म्हणजे जमिनीत मुरलेला ओलावा ज्यात झिरपून जमतो ती अरुंद विहीर. पाऊस वर्षाला जेमतेम १५० ते २०० मिलिमीटर पडतो त्या मुलखात हे कुणाच्या तरी घरचं आणि गुरांचं पाणी आहे. विचारल्याशिवाय बादली टाकू नकोस. हातपाय धुवायला तर मुळीच नको.

वाळूत इंधन हायवेच्या दुप्पट लागतं असं धरूनच हिशेब कर. जैसलमेरला टाकी काठोकाठ भर, रामगढला पुन्हा भर. एक तृतीयांश इंधन संपलं की परत फिरायचं. जादा इंधन न्यायचं तर धातूच्या कॅनमध्येच, आणि माणसं बसतात त्या जागेत नाही.

रस्त्याचं म्हणशील तर पुण्याहून अहमदाबाद, सांचोर, बाडमेर करत जैसलमेर साधारण १२०० किलोमीटर पडतं. दोन दिवस घे. पुढे रामगढवरून तनोट सुमारे १२० किलोमीटर, तिथून लोंगेवाला ४०, सगळं डांबरी. अंधार पडल्यावर या रस्त्यांवर गाडी हाकायची नाही. उंटाचे पाय लांब आणि धड उंच, त्यामुळे बॉनेट पायांना लागतं आणि धड थेट काचेवर येतं. दिव्याच्या उजेडात ते धड दिसतही नाही.

सीमेलगतच्या अधिसूचित भागातल्या गावांत बाहेरच्या माणसाला परवानगी लागते, त्यामुळे आडवाटेला वळण्याआधी जैसलमेरच्या प्रशासनाकडे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात गाडीचे नंबर, नावं, परतीची तारीख देऊन ठेव. ड्रोन घरीच ठेव. परदेशातून कुणी सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर आणून दिला असेल तर तोही घरीच ठेव. सरकारी परवानगीशिवाय तो भारतात बाळगणं गुन्हा आहे आणि सीमेवर तो कुणी हलक्यात घेत नाही. म्हणून नकाशे ऑफलाइन उतरवून घे, कागदी नकाशा सोबत ठेव, आणि घरच्या एका माणसाला रोज संध्याकाळी कुठून फोन येणार ते सांगून ठेव. पोखरणच्या लष्करी सराव क्षेत्रात पाऊल टाकायचं नाही. कुठेही पडलेला धातूचा तुकडा उचलू नकोस, तो न फुटलेला गोळा असू शकतो.

जैसलमेरजवळच्या सम आणि खुरी या गावांच्या आसपास बराच मुलूख डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत येतो. तिथे वनखात्याच्या परवान्याशिवाय शिरू नकोस आणि तंबू ठोकू नकोस. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून जवळपास नाहीसा झालेला माळढोक पक्षी जगात मुख्यतः इथेच उरला आहे. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. तपकिरी, ठिपक्यांचं, मातीशी इतकं एकरूप की चार पावलांवरूनही दिसत नाही. गाडी मळलेली वाट सोडून गेली तर काय चिरडलं गेलं ते चालवणाऱ्याला कळणारही नाही. सेवण गवताच्या बुंध्यांचंही तेच. चाकाखाली गेलेला बुंधा म्हणजे इथल्या गुरांचा गेलेला चारा. त्यामुळे एखाद्या ढाणीत, म्हणजे शेतावरच्या छोट्या वस्तीत, जाऊन मालकाला विचार, त्याच्या पडीक जमिनीवर तंबू लाव, रात्रीचे पैसे दे. बहुतेक ठिकाणी आनंदाने जागा मिळते आणि अडचणीला ट्रॅक्टरही मिळतो. खेजडी, म्हणजे आपली शमी, जळणासाठी तोडायची नाही. वाळलेली फांदीसुद्धा नको. ओरण म्हणजे तिथली देवराई, तिथे चूल पेटवायचीच नाही. गॅस ने.

तंबू सखल भागात नको, टेकडीच्या तुटलेल्या बाजूखालीही नको. बारीक खडी असलेली सपाट जमीन बघ. वाळूत खुंट्या धरत नाहीत: पिशवीत वाळू भर, तिला दोर बांध आणि दीड फूट खोल आडवी पुर. रात्री पारा ५ ते ८ अंशांवर येतो, म्हणून पांघरुणापेक्षा खालच्या मॅटवर जास्त खर्च कर. शौचासाठी खोल खड्डा काढ आणि कागद परत आण, कोरड्या वाळूत तो कुजत नाही, वाऱ्याने उघडा पडतो. बूट तंबूच्या आत ठेव आणि घालण्याआधी झटक. फुरसं थंडीत कमी फिरतं, पण असतं. चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हातपाय न हलवता थेट जैसलमेरचं जिल्हा रुग्णालय गाठायचं.

रोज संध्याकाळी गाडीखाली टॉर्च मारून सायलेन्सरजवळ अडकलेलं गवत काढून टाक. तापलेल्या पाइपवर सुकं गवत पेट घेतं आणि गाडी जाते. रेडिएटरची जाळी आणि एअर फिल्टरही झटक. परत आल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळ.

दोन्ही गाड्यांचा सामानासकट वजनाचा तक्ता आणि पाण्या-इंधनाचा हिशेब लिहून पाठव. निघण्याच्या पंधरा दिवस आधी मिळाला तर काय काढायचं ते सांगायला वेळ राहील.

कळावे,
लोभ असावा.