चिठ्ठी ठेवून जंगलात

*ताई,*
*माझं वय ३६. लग्नाला नऊ वर्षं झाली. घर, नोकरी, माणसं, कशातच मन लागत नाही. रोज तेच बोलायचं, त्याच विनोदांना हसायचं, आणि हे सगळं करणारा मी नक्की कोण, हेच कळेनासं झालंय. सगळं सोडून वर्षभर जंगलात एकट्यानं राहायचं आणि स्वतःला शोधायचं असं ठरवलंय. राजीनामा लिहून तयार आहे. बायकोला समोर बसून सांगितलं तर ती रडेल आणि मी विरघळेन, म्हणून चिठ्ठी ठेवून जाणार आहे. तिचा मसुदा सोबत पाठवतोय. तसंही मी नसलो तर कुणाला फार फरक पडेल असं वाटत नाही. मी पळपुटा आहे का?*
*– एक वाटसरू*

वाटसरू,

पळपुटेपणाचं नंतर बघू. तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी चारदा वाचलं. ‘मी नसलो तर’ म्हणजे घरात नसलो तर, की या जगातच नसलो तर? आडपडदा न ठेवता विचारते: मरणाचे विचार येतात का? येत असतील तर हे वाचून झाल्यावर, आजच, जवळच्या एका माणसाला तसं स्पष्ट सांगा आणि डॉक्टरांना भेटा. अशा मनःस्थितीत, हाकेला ओ द्यायला कुणी नाही अशा जागी जायचं नसतं. तसे विचार येत नसतील, पण झोपेचं गणित बिघडलंय, पूर्वी आवडायच्या गोष्टींची चव गेलीय, असं असेल तरी डॉक्टरांकडे जाच. नैराश्य कधी आपलं खरं नाव सांगत नाही. ‘मला जगाचा कंटाळा आलाय’ अशी भारदस्त ओळख करून देत ते घरात शिरतं.

हे झालं की मग जंगलाचं बोलू. एकटं राहावंसं वाटणं हा गुन्हा नाही. मला तर एकटं राहावंसं कधीच न वाटणाऱ्या माणसांची जास्त धास्ती वाटते. आपली भाषाही या बाबतीत दोन्हीकडून बोलते: एकांत म्हटलं की सुख, वनवास म्हटलं की शिक्षा. (आणि त्या प्रसिद्ध वनवासालाही तिघं मिळून गेले होते!)

तुमच्याआधी या वाटेनं बरेच जण गेले आहेत. हेन्री डेव्हिड थोरो हा अमेरिकी लेखक १८४५ मध्ये तळ्याकाठच्या झोपडीत जाऊन राहिला आणि दोन वर्षं दोन महिन्यांनी परतला. जागा मित्राची, गाव दोन-अडीच किलोमीटरवर, आणि हा मधूनमधून घरी जेवायला जायचा, म्हणून लोक अजून त्याला ढोंगी म्हणतात. मला त्यात ढोंग दिसत नाही. एकांत हवा असलेल्या माणसानं मागचं दार उघडं ठेवलं, एवढंच दिसतं.

रिचर्ड बर्डची गोष्ट याहून बोलकी आहे. हा अमेरिकी नौदलातला बडा अधिकारी १९३४ चा हिवाळा अंटार्क्टिकात, बर्फात गाडलेल्या एका खोलीत, हवामानाच्या नोंदी घेत एकटा राहिला. बाहेर महिनोन्‌महिन्यांची रात्र. खोलीत कोंडलेल्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची त्याला हळूहळू विषबाधा होत गेली. त्यानं ते मुख्य तळावर कळू दिलं नाही, कारण मदतीला निघालेले लोक वाटेतच मरतील अशी त्याला भीती होती. पण त्याचे रेडिओवरचे संदेश विस्कटायला लागले आणि तळावरच्यांच्या ते लक्षात आलं. ऑगस्टमध्ये तिघं जण त्याच्यापर्यंत पोचले, म्हणून तो वाचला. त्यानं सांगितलं नव्हतं, पण ऐकणारं कुणीतरी होतं.

ख्रिस मॅककँडलेसला ते नव्हतं. २४ वर्षांचा हुशार मुलगा, घरच्यांना पत्ता न देता निघून गेलेला. १९९२ च्या एप्रिलमध्ये तो अलास्काच्या रानात शिरला. जुलैत परत निघाला, तर येताना सहज ओलांडलेली नदी बर्फ वितळून फुगली होती. तो मागे फिरला आणि ऑगस्टमध्ये एका बेवारस बसमध्ये उपासमारीनं गेला. त्याच नदीवर, एक किलोमीटरच्या आत, तारेवरून हातानं ओढत पलीकडे जायचा पाळणा होता. त्याच्याकडे धड नकाशा नव्हता, आणि ‘अजून कसा आला नाही’ म्हणून काळजीत पडायला त्याच्या येण्याची तारीख कुणालाच माहीत नव्हती. मला यातलं सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? तो परत निघाला होता.

आणि तुमच्या ‘स्वतःला शोधण्या’बद्दल. अमेरिकेतल्या मेन राज्यात ख्रिस्तोफर नाइट नावाचा माणूस १९८६ ते २०१३, अशी २७ वर्षं रानात एकटा राहिला. पोट भरायला आसपासच्या सुट्टीच्या घरांत सुमारे हजार चोऱ्या केल्या, म्हणजे समाज सोडून समाजाच्याच फडताळावर जगला. पकडल्यानंतर त्यानं एका पत्रकाराला जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की बघणारं कुणी उरलं नाही तेव्हा आपण कोण हा प्रश्नच गळून पडला. तेव्हा जंगलात ‘मी’ सापडेल असं धरून चालू नका, असलेलाही विरघळू शकतो. कदाचित तुम्हाला तेच हवं असेल. रोज तेच हसणाऱ्या त्या माणसापासून सुटका. मग तसं म्हणा. ‘शोध’ हा शब्द त्यापेक्षा फार ऐटबाज आहे.

माझंही सांगते. तीसेक वर्षांपूर्वी मी हट्टानं चार दिवस डोंगरातल्या एका खोलीत एकटी राहिले. पहिल्या दिवशी धन्य वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काडेपेटीवरचा मजकूर पाठ झाला होता. तिसऱ्या दिवशी मी माझ्या जावेशी कडाक्याचं भांडले. ती चारशे किलोमीटरवर होती! तेव्हा समजलं की माणसं सोडून आलेय म्हणताना मी सगळा गोतावळा डोक्यात बसवून आणलाय. चौथ्या दिवशी मात्र काहीतरी शांत झालं. त्याबद्दल मला आजही नीट बोलता येत नाही, आणि तेवढ्यासाठी तरी तुम्ही जावं असं मला वाटतं.

पण वर्षभर नको, चार रात्री. त्याच्याही आधी घरात एका खोलीत फोन, पुस्तक काहीही न घेता पंधरा मिनिटं बसून बघा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना असंच पंधरा मिनिटं बसवलं होतं. सोबत विजेचा सौम्य झटका घ्यायचं बटण, दाबायची सक्ती नाही. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी नुसतं बसण्यापेक्षा स्वतःला झटका देणं पसंत केलं. बायकांत २४ पैकी सहा. (यावर मी काही बोलत नाही.)

जमलं, तर वनखात्याची परवानगी असलेली जागा शोधा. ओल्या कपड्यांत वारा लागला तर पाणी गोठायच्या कितीतरी आधी माणूस गारठून गोंधळतो, म्हणून कोरडे कपडे वेगळे बांधा. कुठून जाणार, कुठे राहणार, किती तारखेला किती वाजता परतणार आणि त्यानंतर किती तास वाट बघून कुणाला कळवायचं, हे सगळं एका कागदावर लिहून एका माणसाच्या हातात द्या. राजीनामा खणात राहू दे, सध्या रजेचा अर्ज पुरे.

तो कागद बायकोच्याच हातात द्यायचा, समोर बसून. ती रडेल म्हणून चिठ्ठी ठेवायची, यात तिची काळजी कुठे आहे? रडणं तिचं टळत नाही, फक्त तुम्हाला ते बघावं लागत नाही. आणि ती रडेल असं एका ओळीत लिहिता, तर पुढच्याच ओळीत कुणाला फरक पडणार नाही असं कसं लिहिता हो? तुम्ही विरघळलात आणि गेला नाहीत, तर तेही कळेल. नाही विरघळलात तर निदान तिला विचारता येईल, कधी येणार म्हणून.

आता तो मसुदा. दीड पानाची चिठ्ठी, त्यात अर्धं पान अस्तित्वाबद्दल. ते मी भराभर वाचलं, माफ करा. उरलेल्या पानभर विम्याचा हप्ता कुठल्या तारखेला जातो, कुठल्या कुंडीला एक दिवसाआड पाणी लागतं, आणि मोरीतला नळ पूर्ण पिळला तरी गळतो, वायसर बदलायला हवा, असं लिहिलंय. ‘मी कोण’ असं तुम्ही मला विचारताय. ते पानभर कुणी लिहिलं?

त्या नळाचा वायसर निघायच्या आधी तुम्हीच बदला. आणि परत आलात की कळवा.

– ताई