अमेरिकेतला बॉक्सिंगचा अली कायदा एमएमएला (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या फाइट्सना) लावला तर फायटर्सचा फायदा होईल का?

होईल, आणि खूप होईल. २००० च्या मुहम्मद अली कायद्यामुळे बॉक्सिंगच्या प्रमोटरला, म्हणजे मॅच भरवणाऱ्याला, मॅचचे पैसे घेण्याआधी बॉक्सरला सांगावंच लागतं की यातून मला एवढे मिळणारेत आणि तुझ्या पैशातून एवढे कापणारे, म्हणजे पोराला कळतं तरी आपण मार खातोय त्यावर कोण किती कमावतंय. एमएमएत यूएफसी ही सगळ्यात मोठी कंपनी, तीच प्रमोटर, चॅम्पियनचा बेल्ट पण तिचाच, टायटल फाइट कोणाला द्यायची तेही तीच ठरवणार, मग फायटरने भाव करायचा कशाच्या जोरावर? स्वतः एमएमए लढलेले खासदार मार्कवेन मुलिन यांनी २०१६ ला यासाठी बिल आणलं होतं पण ते पास झालं नाही. फायटर्सनी यूएफसीवर कोर्टात केलेली केस २०१४ ची, ३७.५ कोटी डॉलरची सेटलमेंट झाली २०२४ ला, तोवर कितीजणांचं करिअर संपून गेलं.